नाकातला दोरा

किळस ठरवून कुणी करत नाही. ती येते. वहिनींना ती जरा जास्तच यायची, एवढंच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "यांच्या नाकावर माशी बसायची हिंमत करत नाही." खोटं नव्हतं ते. बादलीच्या कडेला बुळबुळीत काही लागलं तरी त्यांच्या अंगावर काटा यायचा. आणि अशा बाईचं लग्न झालं ते तोटीदादांशी, ज्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. नशीब कधी कधी माणसाची मुद्दाम खोडी काढतं म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

तोटीदादा मुलाम्याच्या कारखान्यात होते. पितळी तोट्यांना क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचं काम. त्यांच्या हातून निघालेल्या तोटीत तोंड बघून दाढी करावी, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना तोटीदादा म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. पुढे भाजीवालासुद्धा वहिनी म्हणायला लागला. त्या क्रोमच्या टाकीवर पिवळी वाफ तरंगत असते. ती नाकात जाते आणि नाकाचा मधला पडदा हळूहळू खाऊन टाकते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. मालकानं तोंडाला बांधायला फडकी दिली होती. माणसं त्या फडक्यांनी हात पुसायची.

आणि त्यांची ती रीत! नव्या माणसाच्या पडद्याला भोक पडलं की जुनी मंडळी त्याला घेरायची, मेण लावलेला दोरा एका नाकपुडीतून आत सरकवायची आणि दुसरीतून ओढून बाहेर काढायची. दोरा आला की टाळ्या. मग तो नवा माणूस सगळ्यांना चहा पाजायचा, कारण आता तो पक्का झाला. नाक सडलं म्हणून चहा! जगात माणसं कशाकशाचा अभिमान बाळगतील, सांगता येत नाही.

वहिनींना हे कळलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत. नव्या नवरीला हसवावं, या शुद्ध हेतूनं तोटीदादांनी तिच्यासमोर बसून दोरा घातला आणि दोन्ही टोकं हातात धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे ओढून दाखवला. वहिनी मोरीपर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत, दारातच ओकल्या. तो खेळ पुन्हा घरात झाला नाही. पण नाक तर घरातच राहिलं. रुमालांवर हिरवट, तांबूस खपल्या. त्या रुमालांसाठी वेगळी बादली, वेगळा चिमटा, उकळतं पाणी. आणि वास. तो पुढे पुढे वाढला. पावसात भिजलेला बूट बंद कपाटात विसरावा, तसला वास. पोरगी सासरी गेल्यावर वहिनींनी आपलं अंथरूण तिच्या रिकाम्या खोलीत नेलं. का, ते तोटीदादांनी विचारलं नाही, वहिनींनीही सांगितलं नाही.

मग एकदा नात राहायला आली. आजोबांनी मांडीवर घेतलं तशी तिनं दोन बोटांत नाक धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबांच्या नाकात काहीतरी मेलंय."

पोर ती. तिला काय कळतंय. सगळे हसले, तोटीदादाही हसले. पण नात परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, जन्मात कधी दवाखान्याची पायरी न चढलेला हा माणूस स्वतःहून अंगात सदरा घालून नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसला.

डॉक्टरीणबाई फटकळ होत्या. त्यांनी आत उजेड टाकून बघितलं आणि म्हणाल्या, "भोक मोठं आहे. आतलंच कातडं सरकवून शिवते. पण लक्षात ठेवा काका, हे एकदाच जमतं. पुन्हा फाटलं तर सरकवायला तिथं काही उरलेलं नसेल. मग ही घाण आणि हा वास जन्मभर." ऑपरेशन झालं, पडद्याला दोन्ही बाजूंनी आधाराच्या पट्ट्या लावल्या आणि नाक जपायची जबाबदारी सोपवली कुणावर? वहिनींवर. म्हणजे ज्या नाकाकडे बघवत नाही, ते नाकच आता तळहातावरच्या फोडासारखं जपायचं.

वहिनींनी जपलं. त्यांच्यासारखं कुणी जपलं नसतं. नाकाच्या उंचीवर उघडणारं स्वयंपाकघरातलं फडताळ दोरीनं बांधून टाकलं. शेजारच्या पोरांचा चेंडू अंगणात आला की जप्त. डोक्यावरून घालायचे बनियन नाकाला घासतील म्हणून ते पुढून कात्रीनं उभे चिरले आणि त्यांना बटणं लावली. खाली वाकायचं नाही म्हणून नवऱ्याच्या चपलांचे पट्टे स्वतः लावले. चष्मा नाकावर टेकायला नको, तर त्याची मधली दांडी कपाळाला चिकटपट्टीनं चिकटवली. पेपर वाचताना तोटीदादा अर्धवट दुरुस्त केलेल्या यंत्रासारखे दिसायचे. रात्री पाठीमागे उशांचा डोंगर, कुशीवर वळायला बंदी.

हे सगळं ठीक. पण शिंक! नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आली तर दाबायचीही नाही. तोंड चांगलं आ करून ती तोंडावाटे सोडायची, म्हणजे आतल्या शिवणीवर जोर येत नाही. शी! वहिनींनी तोटीदादांना शिंकण्यासाठी जिन्याखालची एक भिंत नेमून दिली होती. शिंक येतेय असं वाटलं की त्यांनी खुर्चीवरून उठून, भिंतीकडे तोंड करून, जबडा फाडून शिंकायचं. मग वहिनी पदर नाकाला लावून येणार आणि भिंत जंतुनाशकानं पुसणार. भिंतीचा रंग उडाला तेवढ्यात.

आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. एका नाकपुडीत पिचकारीची बाटली दाबायची आणि पाणी पडायला वाडगा धरायचा. वाडगा वहिनी धरायच्या, मान मागे वळवून, डोळे छताकडे लावून. वाडग्यात टप टप काय पडतंय ते ऐकू यायचंच. कान कसे मिटणार? मलम मात्र तोटीदादा आरशात बघून स्वतःच लावायचे. वहिनींनी सगळं केलं, पण त्या नाकाच्या आत त्यांनी एकदाही बघितलं नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पट्ट्या निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंद झालंय. पण कोवळं आहे. धक्का नको, बोट नको, काहीही आत घालायचं नाही." तोटीदादांनी मान डोलावली, पण घरी आल्यापासून ते आरशासमोर उभं राहून मान वर करायचे, तिरकी करायचे आणि हताश होऊन परत खुर्चीत बसायचे. स्वतःच्या नाकाचा मधला पडदा कुणाला स्वतः दिसत नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांचे दोन जुने सोबती भेटायला आले. एक बंब. गोल, जाड, सतत धापा टाकणारा. दुसरा चिमटा. टाकीतून तापलेला माल चिमट्यानं काढण्यात हयात गेली त्याची, आणि आता स्वतःही तेवढाच बारीक झाला होता. दोघांच्याही नाकाला भोक होतंच. चिमट्याचं तर नाकाचं हाडही मधोमध खचायला लागलं होतं. ते आत आले तसा घरात तो जुना वास दुप्पट झाला आणि वहिनींनी न बोलता दोन्ही खिडक्या उघडल्या.

"वहिनी, आम्ही आलो की तुम्हाला वाऱ्याची फार आठवण येते," बंब हसत म्हणाला.

"लांब बसा. गळ्यात पडायचं नाही, पाठीवर थाप मारायची नाही. त्यांना धक्का लागता कामा नये," वहिनींनी बजावलं.

"अहो, नाक आहे की काचेचं भांडं?"

"काचेचं भांडं फुटलं तर दुसरं आणता येतं."

त्या चहा टाकायला आत गेल्या. बाहेर गप्पा चालल्या होत्या, कोण मेलं, कोण उरलं, मालकाच्या पोरानं काय नवीन मशीन आणलं. आधण उकळलं, त्यात पूड पडली, आणि वहिनींच्या लक्षात आलं की बाहेर आवाज नाही. ही तीन माणसं एकत्र आणि गप्प? हातात ट्रे घेऊन त्या दारात आल्या.

तोटीदादा खुर्चीच्या पाठीवर मान टाकून बसले होते. चिमटा मोबाइलची बॅटरी धरून उभा. आणि बंब बोटांत दोरा पिळत होता. खिशातून रीळ आणलं होतं त्यानं घरून! टोक नीट अणकुचीदार व्हावं म्हणून त्यानं ते तोंडात घालून ओलं केलं, दातांनी ओढलं, आणि ती थुंकीनं चकाकणारी वात तोटीदादांच्या नाकपुडीला लावली.

वहिनींच्या घशाशी आंबट आलं. किंचाळावं असं वाटलं, पण किंचाळून चालणार नव्हतं. दचकून बंबाचा हात पुढे गेला असता तर सगळंच संपलं असतं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. कपसुद्धा वाजू दिले नाहीत. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "कुणी हलू नका. भाऊजी, हात मागे घ्या. हळू. अजून मागे. हं."

दोरा बाहेर आला. बंबाचा हात पार गुडघ्यावर गेल्यावर मग वहिनी सुटल्या.

"शी! शी! अहो माणसं आहात का कोण आहात? थुंकीचा दोरा घालता नाकात? ती बाई महिनाभर सांगून सांगून दमली, बोटसुद्धा लावू नका म्हणून. रोज मी भिंती पुसतेय, वाडगे धरतेय, या हातांना वास सुटलाय मलमाचा, जेवताना घास उतरत नाही माझा! आणि तुम्ही घरून रीळ घेऊन येता? लाज नाही वाटत?"

बंब खाली मान घालून दोरा बोटाला गुंडाळत राहिला. "वहिनी, फाडायला थोडाच घालत होतो. बघायला घालत होतो. दोरा पलीकडे निघाला नाही म्हणजे बंद. आपल्याकडे दोऱ्याशिवाय कुणी पास झालंय का?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना बंद आहे म्हणून?"

"ती सांगणारच. तिनंच शिवलंय. आपला माल कुणी वाईट म्हणतं का?"

चिमटा नाकाचा खचलेला भाग चाचपत म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे. मीच बंबाला म्हणालो, खात्री करू. मलाही करून घ्यायचंय हे. घरात पोरं माझं ताट वेगळं वाढतात हो. पण भीती वाटते. दादाचं खरंच बंद झालं असेल तर मी उद्याच जातो. कुणीतरी आपल्या माणसानं बघून सांगायला पाहिजे."

"आणि तुम्ही?" वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही मान टाकून बसलात? तुम्हाला अक्कल नाही?"

तोटीदादांनी चिकटपट्टीचा चष्मा कपाळावर सारखा केला. "मलापण कळू दे ना गं," ते म्हणाले. "माझंच नाक आहे, आणि मलाच माहीत नाही."

तिघंही खुळे. पण खुळेपणातही त्यांचं काही खोटं नव्हतं. आज दोरा काढून घेतला तर उद्या हा माणूस मोरीचं दार लावून एकटाच घालून बघेल, हे वहिनींना स्पष्ट दिसलं. दोऱ्याच्या जागी कुणाचे तरी डोळे द्यायला हवे होते. आणि घरात डोळे होते ते एकाच बाईचे.

"आणा ती बॅटरी," वहिनी म्हणाल्या. "मी बघते. माझ्यावर विश्वास ठेवाल?"

बंबानं आ वासला. "तुम्ही? तुम्ही बघणार?"

"मी स्वच्छ नसलेल्याला स्वच्छ म्हटलंय का कधी?"

तसं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं. दोघं बाजूला झाले. तोटीदादांनी पुन्हा मान टाकली. वहिनींनी पदर खोचला, डाव्या हातात बॅटरी धरली आणि खाली वाकल्या. नाकपुड्यांच्या कडेला मलम वाळून पिवळं झालेलं होतं. त्यात केस चिकटलेले. त्याच्या आत काहीतरी ओलं चमकलं. वहिनींनी आणखी खाली वाकून, बॅटरी नीट रोखून धरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पाठ त्या दोघांकडे होती. मनात थोडे आकडे मोजले. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"बंद आहे," त्या सरळ होत म्हणाल्या. "भिंतीसारखं बंद आहे."

काय आनंद झाला त्या दोघांना! बंबानं टाळ्या वाजवल्या आणि वहिनींचा चेहरा बघून लगेच थांबवल्या. रीळ मुकाट्यानं खिशात टाकलं. चिमट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सवयीनं तो नाक शिंकरायला रुमाल काढत होता, पण वहिनी समोर आहेत म्हटल्यावर तसाच सुरसुर करत राहिला. "वहिनी म्हणतात म्हणजे झालं. आता कुणी सांगायला नको. मी उद्या सकाळीच डॉक्टरीणबाईंकडे जातो," असं दहादा म्हणत, गार झालेला चहा एका दमात पिऊन ते दोघं गेले.

वहिनींनी कप उकळत्या पाण्यात टाकले. टेबल पुसलं, खुर्च्यांचे हात पुसले, दाराची कडी पुसली. पण आज ज्या गोष्टीची किळस येत होती ती पुसली जाईना. ती दोन माणसं घाणेरडी होती, थुंकीचा दोरा घेऊन हिंडत होती, पण खोटं बोलली नव्हती. खोटं त्या बोलल्या होत्या. उद्या चिमटा त्यांच्या शब्दावर स्वतःचं नाक कापून घेणार होता. आणि आत भोक असलंच तर? डॉक्टरीणबाई खोटं कशाला सांगतील, हे खरं. पण ते बघून सांगणं त्यांचं. वहिनींनी काय बघितलं होतं? डोळ्यांपुढचा अंधार. असला स्वच्छपणा काय चाटायचाय, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

बाहेर तोटीदादा अजून तसेच खुर्चीत होते. पुसता पुसता वहिनी त्यांच्याजवळ आल्या तसे ते हळूच म्हणाले, "अगं, डोळे मिटले होतेस तू."

वहिनींचा हात थांबला.

"माझ्या अगदी समोर होता ना तुझा चेहरा," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. उलट जरा चोरट्यासारखंच बोलले ते. "त्यांच्यासमोर म्हटलं नाही काही. बंबानं लगेच दोरा काढला असता. बरं केलंस तू. माझं काही नाही गं, पण चिमट्याचं…"

"मान वर करा," वहिनी म्हणाल्या.

"राहू दे. उद्या डॉक्टरीणबाईंनाच परत…"

"मान वर करा म्हणते ना."

बॅटरी पुन्हा पेटली. वहिनी वाकल्या. या वेळी डोळे उघडे ठेवले, आणि ते मिटायला लागले तेव्हा परत उघडले. आत ओली तांबडी घाण होती. मलमाचा चिकट थर, त्यात अडकलेली काळपट खपली, आणि त्याच्या मागे सुजलेलं, गुलाबी, वेडंवाकडं शिवलेलं कातडं. फाटका मोजा घाईत रफू केल्यासारखं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ते त्यांनी गिळलं. उजेड इकडून टाकला, पलीकडून काही दिसलं नाही. पलीकडून टाकला, इकडून काही दिसलं नाही. कुठून कुठेही वाट नव्हती.

"बंद आहे," त्या म्हणाल्या. "आता बघितलं मी. खरंच बंद आहे हो."

तोटीदादांनी नुसती मान हलवली. बोलले नाहीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, गळ्याच्या शिरा टरारून वर आल्या होत्या. दुखलं की काय म्हणून वहिनी घाबरल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. नवऱ्याची छाती हलत नव्हती.

"श्वास का धरलाय?"

त्यांनी मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं आणि मगच श्वास सोडला. धापा टाकत म्हणाले, "सवय आहे. कुणी जवळ आलं की धरतो. तुला आत्ता फार वेळ लागला."

कुणी जवळ आलं की! बसच्या बाकावर शेजारी बसल्यावर, तापात कपाळावर हात ठेवायला वाकल्यावर, पोरीच्या लग्नात फोटोसाठी खांद्याला खांदा लावल्यावर, दर वेळी हा माणूस लाल व्हायचा. वहिनींना वाटायचं रागीट आहे. रक्तदाब असेल म्हणून एकदा त्यांनी जेवणातलं मीठही कमी केलं होतं. आणि हा आपला श्वास धरून बसलेला. इतकी वर्षं.

वहिनींनी बॅटरी खाली ठेवली. पदरानं हात पुसायला गेल्या आणि पुसले नाहीत. नवऱ्याची हनुवटी धरून, नाकाला धक्का न लावता, हळूच त्यांनी तो चेहरा भिंतीकडून आपल्याकडे वळवला आणि आपला चेहरा अगदी त्याच्यासमोर आणला.

"सोडा श्वास."

"घाण येईल गं."

"येऊ दे. सोडा."

तोटीदादांनी आधी थोडासा सोडला, चाचपडत. मग राहवलं नाही त्यांना, सगळाच सुटला. गरम, मलमाचा, लोखंडाचा, जुन्या रक्ताचा. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.